गुरुवारी घाटमाथ्यावर मुसळधार

आई,

फार उशिरा लिहितोय, माफ कर. तू गेलीस त्याला तीस वर्षं होऊन गेली आणि तेवढ्या वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तू होतीस तेव्हाही लिहिली नव्हती, कारण आपण एकाच खोलीत राहायचो आणि तुला वाचता येत नव्हतं. आताही येत नसणार. तरी लिहितोय, कारण जे म्हणायचंय ते तोंडानं म्हणायला लागलो की माझा आवाज चढतो आणि घरातले धावत येतात, नाना काय झालं, गोळी घेतली का म्हणून. कागदावर कितीही आवाज चढवला तरी शेजारी ऐकू जात नाही. माफी मागितली ती फक्त उशिराची. बाकी या पत्रात माफी शोधू नकोस. मी तुझ्यावर रागावलेलो आहे आणि हा राग आजचा नाही.

आज मंगळवार. पितृपक्ष संपत आलाय. रविवारी सर्वपित्री, सोमवारी घट बसणार. बाहेर ऊन असं पडलंय की गच्चीवर पाय ठेववत नाही. आणि काल सकाळी मोबाईलवर येत्या आठवड्याचा अंदाज आला. उत्तर महाराष्ट्रात बुधवारपासून विजांच्या कडकडाटासह पाऊस, नाशिक जिल्ह्यात तुरळक ठिकाणी जोरदार, गुरुवारी घाटमाथ्यावर मुसळधार, शुक्रवारनंतर जोर ओसरेल. नकाशात आपला जिल्हा पिवळा रंगवलाय आणि त्याची मावळतीची कड, इगतपुरी-त्र्यंबककडची, नारिंगी. खाली एक ओळ, नदीकाठच्या लोकांनी सावध राहावं. एवढं लिहून ते मोकळे. तुरळक ठिकाणी म्हणजे कुठे? त्या ठिकाणाला नाव नाही का? सिन्नरला पडणार असेल तर सिन्नर म्हणा, सटाण्याला पडणार असेल तर सटाणा म्हणा. म्हणे शक्यता आहे. शक्यता तर मी आज संध्याकाळी मरायचीसुद्धा आहे. पण घाटमाथा हा शब्द आला की मी ती ओळ पुन्हा वाचतो. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस आपल्याला दिसत नाही. आपल्याकडे ऊन असतं. आपण मान वर करतो आणि म्हणतो, कुठाय पाऊस? आणि तो तिकडे इगतपुरीला पडून, दारणेत उतरून, आपल्याकडे निघालेला असतो. हे तुला मी सांगायला नको. तुझा जन्म दारणेच्या काठावर गेला.

घरात माझं नाव हवामान खातं पडलंय. नात दहावीत आहे, जीभ तुझ्यावर गेलेली. सकाळी दप्तर पाठीला लावता लावता विचारते, "नाना, खातं उघडलं का? आज पिवळा का नारिंगी?" मी म्हणतो, छत्री ने. ती म्हणते, "गेल्या आठवड्यात रोज नेली. वर्गात मला छत्रीवाली म्हणायला लागलेत." समोरच्या बायका गच्चीवरून वाकून ओरडतात, "नाना, टाकू का हो पापड वाळत?" आणि एकमेकींना टाळ्या देतात. पोरगा सिन्नरच्या कारखान्यात शिफ्टला जातो, मोटरसायकलवर. त्याला विजांचं सांगायला गेलं की हेल्मेट घालतो, म्हणजे ऐकू येत नाही असं दाखवायला बरं. त्यांना वाटतं म्हातारपण आहे. ते काही म्हातारपण नाही. मी दुसरीत होतो तेव्हापासून असा आहे, आणि तू केलंस मला असं.

काल जेवताना सून म्हणाली, "गुरुवारी गोधड्या धुवायला जायचं ठरलंय. टेम्पो सांगितलाय. चेहेडीच्या पुलाखाली, दारणेवर." माझी सून मनमाडची, रेल्वेतल्या माणसाची मुलगी. आडून बोलणं तिला येत नाही.

"गुरुवारी नको," मी म्हणालो.

"का?"

"घाटमाथ्यावर मुसळधार आहे."

"नाना, आम्ही घाटमाथ्यावर नाही धुणार. चेहेडीला धुणार."

नातीला असं हसू आलं की तिला ठसका लागला. मी म्हणालो, मग शनिवारी जा. ती म्हणाली, शनिवारी धुतल्या तर वाळायच्या कधी, गोधडीला दोन उन्हं लागतात, रविवारी सर्वपित्रीचा स्वयंपाक आणि सोमवारी सकाळी घट. मी म्हणालो, घरी धुवा. ती म्हणाली, नळ तासभर येतो, मशीनमध्ये गोधडी मावत नाही, आणि टबात भिजवली तर ती ओली गोधडी उचलायला तुम्ही येणार का? मग माझ्या तोंडून गेलं, "नसतील धुवत तर नका धुवू. काय मरतं का कोणी न धुतलेल्या गोधडीनं?" तिनं पोळी ताटात ठेवली. आई, तुला सांगतो, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली. "मागच्या वर्षी नाही धुतल्या. तुम्ही दारात खुर्ची टाकून बसलात, टेम्पो परत गेला, आणि दिवसभर थेंब पडला नाही. एक थेंब. मी पारोशा अंथरुणाच्या घरात घट बसवले. नऊ दिवस मला खाल्लेलं गोड लागलं नाही. नाना, कारण सांगा ना. पटलं तर मी स्वतः टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगते. दर वर्षी नुसतं नको नको. आम्ही काय तुमचं वाईट केलंय?"

कारण मला सांगता येत नव्हतं. तसं तू करून ठेवलंयस. मी ताट सरकवलं आणि उठलो, आणि आज हा कागद घेऊन बसलोय.

आता तुला आठवत नाही असं म्हणू नकोस. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, ही रीत तुझ्या आधीही होती आणि तुझ्या नंतरही आहे, त्यासाठी मी तुला बोल लावत नाही. अख्खं गाव त्या दिवसांत नदीवर. काठावरचे दगड, बाभळी, कुंपणं, सगळीकडे गोधड्या, लाल, निळ्या, हिरव्या, जणू गावानं आपलं पोट उलटं करून वाळत घातलंय. मी लहान म्हणून माझं काम काठावर, गोधडी पसरली की चारी टोकांवर दगड ठेवायचे. ताई पाण्यात. ती तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असेल. ओली गोधडी म्हणजे काय असतं हे ज्यानं उचलली त्यालाच कळतं. कोरडी असताना मांडीवर घेता येते, ओली झाली की दोन माणसांना ऐकत नाही. मी पहिलीत होतो त्या वर्षी ताईच्या हातून एक सुटली. तुझ्या जुन्या हिरव्या लुगड्याची होती. मधल्या धारेला लागली आणि गेली. मला कळतं, एक गोधडी शिवायला तुझा उन्हाळा जायचा, दुपारी सगळे आडवे व्हायचे आणि तू टाके घालत बसायचीस. ते सगळं मला कळतं. पण त्यानंतर तू जे केलंस ते मला अजून कळलेलं नाही.

तू तिला त्या हिवाळ्यात पांघरूण दिलं नाहीस. गोणपाट दिलंस. म्हणालीस, "घालवली ना? मग भोग आता." आपल्याकडचा हिवाळा, कुडकुडून दात वाजायचे. ती माझ्या शेजारी निजायची. मी माझ्या गोधडीचं टोक तिच्यावर टाकायचो आणि तू ते ओढून घ्यायचीस. एकदाच नव्हे. आणि एक वाक्य तू त्या हिवाळ्यात बोललीस, ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही, तुलाच परत सांगतो. "पुन्हा गोधडी गेली ना, तर तूबी जा तिच्यामागं." आया असं बोलतात, मला माहीत आहे. जा, मर, गाडून घे, तोंड काळं कर. सगळ्या आया बोलतात आणि संध्याकाळी जेवायला वाढतात. पण सगळ्यांच्या मुली ते खरं मानून चालत नाहीत. तुझी मुलगी तुझा शब्द खाली पडू द्यायची नाही, हे तुला माहीत होतं. तू त्याचा गावभर मोठेपणा सांगायचीस.

पुढच्या वर्षी तेच दिवस. असंच ऊन. शाळा सुटताना मास्तर म्हणाले, "पोरांनो, रेडिओवर सांगितलंय, घाटात मोठा पाऊस आहे. घरी सांगा, एक-दोन दिवस नदीवर जाऊ नका म्हणावं." पाटलांकडे तेव्हा गावातला एकच रेडिओ, मास्तर तिथे बातम्या ऐकायला बसायचे. मी पळत घरी आलो. आयुष्यात पहिल्यांदा घरी सांगण्यासारखं काही माझ्याकडे होतं. तू गाठोडी बांधत होतीस. मी सांगितलं. तू अंगणात आलीस, कपाळावर हात धरून वर बघितलंस आणि माझ्या टाळक्यात टपली मारलीस. "हे बघ ऊन. डोळं हायेत ना तुला? मास्तरला म्हनावं तुमच्या घाटात पडंल, आमच्या डोक्यावं नाय पडत. लय शाना झाला." ताई दारात उभी होती. ती हसली. मला राग आला तिचा, ती हसली म्हणून.

नदीवर आम्ही गेलो तेव्हा पाणी नितळ आहे. तळाचे गोटे दिसतात. ताई गुडघाभर पाण्यात, मग मांड्यांपर्यंत, कारण मोठी गोधडी खळबळायला पाणी खोल लागतं. तू भाकरीचं फडकं आणायला वर बाभळीकडे गेलीस. मी दगड वेचतोय. आणि एका बाईनं पाण्याकडे बघितलं आणि ती ओरडली. पाणी चहासारखं झालं होतं. आधी रंग आला, मग पाला, काटक्या, मग पाणी. "पाणी आलं गं! सोडा! गोधड्या सोडा, वर या!" सगळ्यांनी सोडल्या. एवढ्या बायका, कोणाकोणाच्या उन्हाळ्यांच्या गोधड्या, सगळ्यांनी क्षणात सोडल्या आणि एकमेकींना ओढत वर आल्या. ताईनं सोडली नाही. मी ओरडतोय, ताई सोड, ताई सोड. माझं कोण ऐकतं? तिच्या कमरेला पाणी, दोन्ही हात गोधडीत, आणि ती पाण्याकडे बघतच नव्हती. ती काठावर बघत होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मला त्या वेळी कळलं नाही ती काय बघते. पुढे कळलं. ती तुला शोधत होती. सोडू का, हे विचारायला.

तू बाभळीमागे होतीस.

गोधड्या बऱ्याच सापडल्या, खालच्या गावाला झाडांना अडकून. ती सापडली नाही. दादा, पोरीचा बाप, मनमाडहून आले, रेल्वेच्या गँगमध्ये होते ते, महिन्यातून एकदा यायचे. माणसं घेऊन काठानं हिंडले. सापडली नाही म्हणून काही झालं नाही, ना दहावा, ना तेरावा. आणि मग एक दिवस तू मला चुलीपुढे बसवलंस, माझा हात तुझ्या डोक्यावर ठेवलास आणि म्हणालीस, "तिचं नाव या घरात निघालं तर माझं मेलेलं तोंड बघशील." मी दुसरीतला पोरगा. मी तोंड शिवलं. दादांनीही शिवलं. थोड्या दिवसांत आपण गाव सोडून नाशिकरोडला आलो, जिथे आपल्याला कोणी ओळखत नव्हतं आणि तुला किती मुलं असं कोणी विचारलं की तू म्हणायचीस, हा एकच. मी ते तुझ्या पदराला धरून ऐकायचो. मी नाव काढलं नाही हो, आई. एकदाही नाही. तरी तुझं मेलेलं तोंड मला बघावंच लागलं.

आणि पुढच्या वर्षी तू पुन्हा गोधड्या धुवायला गेलीस. त्याच दिवसांत, त्याच नदीवर, फक्त गाव वेगळं. हे मला आजपर्यंत समजलेलं नाही. मी सातवीपर्यंत शिकलो, नापास झालो, मोटारींना तार भरायच्या दुकानात लागलो. नदीतल्या पाण्याच्या मोटारी जळल्या की आमच्याकडे यायच्या. पूर आला की गाळानं भरलेल्या मोटारी दुकानासमोर ओळीनं पडायच्या आणि मालक खूश व्हायचा. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, घाटात पाऊस आहे, मोटारी काढून घ्या. मालक मला म्हणायचा, "अरे येड्या, तू आपलं दुकान बंद पाडशील." असं आयुष्य गेलं माझं. सगळ्यांना सांगत. आणि का सांगतोय हे कोणाला न सांगता. बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली तेव्हा मला नुसता घाबरट समजून गेली.

इथपर्यंत मंगळवारी लिहिलं होतं. आज शुक्रवार, दुपार.

काल सकाळी टेम्पो आला तेव्हा मी खुर्ची टाकली नाही. चपला घातल्या आणि ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसलो. मागे गोधड्यांच्या ढिगावर गल्लीतल्या बायका बसलेल्या. एकच हशा. "नाना, साबण घेतलाय ना?" "नाना, धोतर खोचून घ्या हो, तुमच्याकडे डबल बेडची देते." सून ढिगाच्या कडेला बसली होती. नात तिच्या शेजारी होती. शाळा बुडवून आली होती, शाळा बुडवायला मिळते म्हणूनच आली होती.

पुलाखाली पाणी नितळ होतं. ऊन रखरखत होतं. मी एका दगडावर बसलो आणि वरच्या अंगाला बघत राहिलो, वळणाकडे, पाण्याच्या रंगाकडे. ड्रायव्हरनं तंबाखू पुढे केली आणि म्हणाला, "बाबा, काही हरवलंय का?" बायकांचं काम जोरात चाललं होतं, धोपटणी दणादण वाजत होती, कोणीतरी कोणाच्या तरी सासूची नक्कल करत होतं. सून आणि नात एक गोधडी दोन्हीकडून धरून खळबळत होत्या. मग सून दुसरी आणायला काठावर आली आणि नात एकटीच ती घेऊन आत सरकली. मांड्यांपर्यंत पाणी. "आई गं, केवढी जड झालीय ही!" ती ओरडली आणि काठावर बघायला लागली, आई कुठाय म्हणून. सून टेम्पोच्या मागे वाकलेली, तिला दिसत नव्हती. नात बघत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी कसा उठलो मला माहीत नाही. चपलांसकट पाण्यात गेलो. "सोड ती! सोड!"

"नाना! काय झालं?"

"सोड म्हणतो ना. पाणी आलं की गोधडी सोडायची. कोणाला विचारायचं नाही. आईकडे बघायचं नाही. सोडायची आणि वर यायचं."

"अहो पण पाणी कुठं आलंय?"

एक बाई म्हणाली, "नाना, नारिंगी झालं वाटतं," आणि दोघीतिघी हसल्या. सून धावत आली. तिचं तोंड लाल झालं होतं, शरमेनं. "नाना, चारचौघींत काय हे? पोर घाबरली ना." आणि मी म्हणालो. ठरवून नाही म्हणालो, राग आला होता, सगळ्यांचाच, तिचा, त्या हसणाऱ्या बायकांचा, मोबाईलवरच्या नकाशाचा आणि तुझा तर होताच. "माझी बहीण अशीच गेली. या दारणेतच. गोधडी सोडली नाही तिनं. आई रागावेल म्हणून सोडली नाही."

धोपटणं थांबलं. नक्कल करणारी बाई तशीच हात वर करून राहिली. सून माझ्याकडे बघत होती. "तुम्हाला बहीण होती?"

"होती."

ती पोरीकडे वळली. "सोड गं."

"काय?"

"गोधडी सोड."

"आई, चांगली आहे ती. माझीच आहे."

"असू दे. सोड म्हटलं ना."

पोरीनं आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हात उघडले. पाणी काय, मांडीभर, नितळ, त्याला फारशी ओढही नव्हती. गोधडी पसरली, एक गिरकी घेतली आणि हळूहळू निघाली. पुलाच्या खांबाला टेकली, सुटली, पुढे गेली. ड्रायव्हर काठानं पळायला लागला, "वहिनी, अडकतीय बघा, काढून आणू का?" सून म्हणाली, "राहू दे. जाऊ दे." पोर वर आली, माझ्या शेजारी दगडावर बसली आणि पाय पुसायला लागली. तिनं विचारलं, "नाना, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं का, सोड म्हणून?" मी म्हणालो, मी सांगत होतो. ती म्हणाली, "मग?" आता तूच सांग आई, या ‘मग’ला मी काय उत्तर देऊ?

पाऊस आला नाही. काल नाही, आज नाही, अजून लख्ख ऊन आहे. घाटात पडला म्हणतात थोडा, नदीला बोटभर पाणी चढलं नाही. मोबाईलवर नवा अंदाज आलाय, आता म्हणे पुढच्या आठवड्यात जोर वाढेल. एवढं सगळं झालं ते फुकटच्या पावसावर. गल्लीत आता कोणी मला हवामान खातं म्हणत नाही, आणि मला तेही नको झालंय, बायका माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागल्यात, आजारी माणसाशी बोलावं तशा. पोरगा रात्रपाळीहून आला आणि हेल्मेट मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसून राहिला. मला त्याचाही राग आला. आणि सगळ्यात जास्त तुझा, कारण हे एवढं सोपं होतं. दोन शब्दांचं काम होतं. माझी सून मनमाडची, परक्या घरची, तिनं ती बहीण कधी पाहिली नाही, तिला ते दोन शब्द एका क्षणात सुचले. तुला वर्षभर सुचले नाहीत. एखाद्या संध्याकाळी चुलीपुढे म्हणायचं होतंस, पोरी, गोधडी गेली तर गेली. बस. एवढंच. ती आज ऐंशीची म्हातारी असती, इथे माझ्या शेजारी बसून मला शिव्या देत असती की छत्री काय नाचवतोस.

सून मघाशी चहा घेऊन आली. कप ठेवला आणि लगेच गेली नाही. पदराशी चाळा करत म्हणाली, "नाना, रविवारी सर्वपित्रीला तुमच्या आई-वडलांचं पान ठेवतोच आपण. आत्यांचं पण ठेवते. इतकी वर्षं कोणी ठेवलं नसेल ना?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मग नाव लागेल. नाव घेऊन पाणी सोडायचं असतं. काय नाव होतं हो त्यांचं?"

मी नाव सांगितलं. पटकन सांगितलं, ती वाट बघत उभी होती म्हणून. तिनं ते मनात एकदा म्हणून बघितलं, छान आहे म्हणाली आणि आत गेली.

आई, ते नाव तिचं आहे की नाही मला माहीत नाही. मी तिला ताईच म्हणायचो. तू पोरी म्हणायचीस, दादा बाय म्हणायचे. शाळेत ती कधी गेली नाही, म्हणजे कुठे लिहिलेलंही नसणार. तिचं खरं नाव घरात कधी तरी निघत असेल, पाहुणे आल्यावर, देवळात, मी ऐकलंही असेल. आणि मग तू ते बंद केलंस आणि मी इतक्या इमानानं बंद ठेवलं की आज उघडायला गेलो तर आत काही नाही. जे सांगितलं ते शेजारच्या एका मुलीचं असावं, असं आता वाटायला लागलंय. दादा गेले, मामा गेला, त्या वेळच्या बायकांतलं कोणी उरलं नाही. विचारायला एक तूच आहेस.

हे पत्र टाकायला पेटी नाही, मला कळतं. घडी करून गादीखाली ठेवीन. माझा राग गेलेला नाही आणि तू कळवलंस तरी तो जाणार नाही, तेवढी आशा धरू नकोस. पण सर्वपित्री परवावर आलीय आणि सुनेनं डाळ भिजवायला काढून ठेवलीय. दुसऱ्या मुलीच्या नावानं सोडलेलं पाणी तिला पोचेल का? तिचं नाव काय ठेवलं होतं तुम्ही, तेवढं कळव. स्वप्नात येऊन सांग, कसंही सांग. रविवारच्या आत कळव.